गिझरचा प्लग घेऊन आफ्रिकेला

अमरावतीहून निघालो त्या दिवशी आमच्या भागात सकाळी सहा ते दहा लाईट नसण्याची पाळी होती. म्हणून पाचलाच उठलो, खाटेवर बसून मशीन लावलं आणि नाकातोंडावर मुखवटा धरून बारा मिनिटं श्वास घेतला. मग मशीन पुसलं, कुमुदच्या जुन्या शालीत गुंडाळलं आणि बॅगेच्या मधोमध, कपड्यांच्या घड्यांत ठेवून दिलं. घराला कुलूप लावलं. महिनाभर त्या घरात कुणाचं काही काम नव्हतं.

मशीन म्हणजे दम्याच्या रुग्णाला औषधाचा धूर देणारं यंत्र. जेवणाच्या डब्याएवढं असतं आणि चालू केलं की पिठाच्या गिरणीसारखं घरघरतं. तीस वर्षं मी सरकारी खरेदी केंद्रांवर कापसाचा ग्रेडर होतो. गाडीतला कापूस हातात घ्यायचा, चिमटीत ओढून धाग्याची लांबी पाहायची, ओल पाहायची आणि त्याची प्रत सांगायची. तीस हंगामांत नाकातून जे तंतू आत गेले त्यांनी निवृत्तीनंतर आपली हजेरी लावली. खिशात फवाऱ्याचा पंप असतोच, पण वाईट दिवशी त्यानं भागत नाही. रोज सकाळी एकदा आणि वाईट दिवशी पुन्हा मशीनच लागतं, आणि मशीनला वीज लागते.

माझी मुलगी मीनल दक्षिण आफ्रिकेत असते. जोहान्सबर्गपासून दीड-दोन तासांवर विटबँक नावाचं कोळशाच्या खाणींचं गाव आहे. जावई नितीन तिथे खाणीत इंजिनीअर, आणि मीनल शाळेत गणित शिकवते. माझ्या नातीचा, इराचा, पहिला वाढदिवस जानेवारीत होता. तिकीट मीनलनंच पाठवलं. फोनवर म्हणाली, "या बाबा. यायलाच पाहिजे असं नाही, पण या."

ती असं का म्हणाली ते सांगायला हवं. चौदा महिन्यांपूर्वी कुमुद, माझी बायको, गेली. आजार जूनमध्येच कळला होता. मीनलला तेव्हा दिवस गेले होते. "तिला कशाला त्रास," असं मी सगळ्यांना सांगितलं आणि कुमुदलाही गप्प बसवलं. कळवलं तेव्हा शेवटचा आठवडा चालू होता आणि मीनलला सातवा महिना सरत आला होता. डॉक्टरांनी तिला विमानात बसू दिलं नाही. त्यानंतर आमचे फोन दोन-तीन मिनिटांत आटपू लागले. हवा कशी आहे, इरा काय करते, ठेवतो.

माझ्या मशीनचंही मी तिला काही सांगितलं नव्हतं. त्यामुळेच प्लगचा प्रश्न एवढा मोठा झाला. तिकडच्या भिंतीत भोकं कशी असतात, हे तिनं एका वाक्यात सांगितलं असतं. पण दुसरं वाक्य "कशाला?" असं आलं असतं. मला तिच्याकडून काही मागायचं नव्हतं. पाहुण्यांच्या खोलीचं दार लावून, बारा मिनिटं, कुणाला कळू न देता श्वास घेता यावा, एवढीच माझी तयारी चालली होती.

राजकमल चौकाजवळच्या एका मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानदार तरुण आणि उत्साही होता.

"कुठं चालले काका? आफ्रिका? मंग हे घ्या. युनिव्हर्सल आहे. दीडशे देशांत चालते."

"आफ्रिकेत नक्की चालेल?"

"काका, दीडशेत आफ्रिका येईनच ना!"

वस्तू देखणी होती. काळी, गुळगुळीत, बाजूच्या खटक्यांनी कधी चपटे दात बाहेर येत, कधी गोल. मी घेतली.

मुंबईची गाडी मी अकोल्याहून धरणार होतो, कारण अकोल्यात कुमुदची थोरली बहीण शालूताई राहतात आणि इरासाठी त्यांना काही द्यायचं होतं. एस.टी.त खिडकीशी बसलो आणि वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्या ॲडॅप्टरच्या खोक्यातला कागद उलगडला. बारीक इंग्रजी अक्षरांत देशांची लांबलचक यादी होती. मी बोट ठेवून वाचत गेलो. यादी संपली, आणि खाली त्याहूनही बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की हे साधन दक्षिण आफ्रिकेत चालणार नाही.

दीडशे देशांत चालणारी वस्तू हातात घेऊन मी बसलो होतो. बाहेर बडनेरा मागे पडलं. वावरांमध्ये (शेतांमध्ये) दुसऱ्या वेच्याचा कापूस होता, कुठे तूर उभी होती. खरेदी केंद्राच्या ज्या आवारात मी चार हंगाम काढले त्याच्या फाटकात बाभळीचं झुडूप उगवलेलं दिसलं, आणि भिंतीवर एका बियाण्याची जाहिरात रंगवलेली होती.

मूर्तिजापूरला एक माणूस चढला आणि शेजारी बसला. पांढरा सदरा, पायांत नवे बूट. तो बराच वेळ माझ्याकडे पाहत होता.

"तुमी ग्रेडरसायेब ना? इथच्या सेंटरवर होते?"

"होतो. तुम्ही?"

"मले नाही वळखनार तुमी. आमी हजार जन होतो. तुमी एकटेच होते, म्हनून आमाले ध्यानात." तो हसला. "एका साली माया कापसाले तुमी दोन नंबर म्हनलं होतं. ओला आहे म्हने."

मला अवघडल्यासारखं झालं. "ओला नव्हता का?"

"होता ना! मीच पानी मारलं होतं वजनासाठी. पन शिव्या तुमाले घातल्या, वर्षभर."

आम्ही दोघंही हसलो, आणि हसता हसता मला खोकला आला तो थांबेना. त्यानं आपली पाण्याची बाटली पुढे केली. आता तो पुण्याला एका बंगल्यावर वॉचमन होता आणि पुतणीच्या लग्नाला गावी आला होता. वावराचं विचारलं तर म्हणाला, "आहे तिथंच आहे. वावर कुठं जाते? मानसं जातात." मग त्यानं विचारलं, "तुमी कुठं चालले?"

"मुलीकडे. आफ्रिकेत."

"एकटेच?"

"एकटाच."

बोरगाव मंजूला उतरताना तो परत वळला आणि म्हणाला, "मी बी पुन्याले एकटाच रायतो. पहिला महिना जड जाते. मंग बी जड जाते, पन सवय होते." एस.टी. हलली.

अकोल्यात शालूताईंनी आधी जेवायला बसवलं. पातोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची झणझणीत आमटी), ज्वारीची भाकर, वरून भरपूर सांभार (कोथिंबीर). त्यांचे यजमान वकील. ते कोर्टात गेले होते. जेवताना शालूताई सारख्या माझ्या ताटाकडे पाहत होत्या. कुमुदसारखंच नाक, कुमुदसारखाच वाढताना मनगटाला दिलेला झटका. मी भाकर नुसतीच मोडत राहिलो.

"मीनलनं मले फोन केल्ता दिवाळीत," त्या अचानक म्हणाल्या. "तासभर रडली. तिच्या आईचं सगळं मलेच इचारत होती. आता मी काय सांगू, सुधाकरराव? मी तर दोनदाच येऊन गेली होती."

मी पाणी प्यायलो. त्यांनी इराची झबली, हातानं शिवलेली गोधडी आणि डिंकाच्या लाडवांचा डबा पुढे ठेवला, आणि तो विषय तिथेच राहिला.

गाडी संध्याकाळी होती. ऊन उतरल्यावर मी शहराच्या जुन्या जिनिंगच्या (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यांच्या) बाजूला चालत गेलो. एके काळी या रस्त्यावर हंगामात बैलगाड्यांमुळे चालता येत नसे आणि हवेत रुई तरंगत असे. आता पाचांपैकी दोनच कारखाने सुरू होते. त्या रस्त्यावर रफिकभाईंचं मोटार-वायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारींची तार काढून नवी भरण्याचं काम. मी ज्या जिनिंगमध्ये ग्रेडिंगला बसायचो तिथल्या सगळ्या मोटारी त्यांच्या हाताखालून गेलेल्या.

"या सायेब! काहून उभे? बसा ना." दाढी पूर्ण पांढरी झाली होती. आवाज तोच, किंचित बसका. आम्ही दोघंही एकाच वेळी खोकलो.

मी ॲडॅप्टर दाखवला, कागद दाखवला, आणि दक्षिण आफ्रिकेत काय लागतं ते कुठे कळेल, असं विचारलं. रफिकभाईंनी ती काळी वस्तू उलटसुलट करून बाजूला ठेवली.

"मी जाऊन आलो ना तिकडं."

"आफ्रिकेत?"

"जिनिंगच्या मशिनी गेल्या होत्या इथून, स्वाझीलँडले. जोहान्सबर्गले उतरून पुढं मोटारीनं. बसवून द्याले मले पाठवलं होतं. तीन महिने होतो. तिकडं बी हेच प्लग, आन जोहान्सबर्गले बी हेच." त्यांनी मागच्या फळीवरून एक खोकं ओढलं आणि त्यातून एक जाडजूड, पांढरा प्लग माझ्या हातावर ठेवला. "घ्या. तुमचं आफ्रिका."

मी पाहतच राहिलो. तीन जाड गोल पाय. आपल्याकडे गिझरला, कूलरला, पाण्याच्या मोटारीला असतो तो सोळा अँपिअरचा मोठा प्लग. त्याच्या पाठीवर आपला नेहमीचा छोटा प्लग बसवायची भोकं. कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात, अगदी तालुक्याच्या गावीही मिळतो.

"हाच?"

"हाच. इंग्रजाइनं आपल्याले बी देला आन त्याइले बी देला. दाब बी सारखाच, दोनशे तीस व्होल्ट. मशीन आना, बसवून पाहू."

मशीन बॅगेतच होतं. शाल सोडताना मला जरा लाज वाटली. त्यांनी मशीनच्या बुडाची पट्टी चष्म्यातून वाचली, प्लग जोडला, दुकानातल्या मोठ्या सॉकेटमध्ये बसवला, हलवून पाहिला. सैल होता. काढून पितळी पाय पक्कडीनं किंचित फाकवले, परत बसवला. घट्ट. बटण दाबल्यावर मशीन घरघरू लागलं. त्यांनी एका मिनिटानं प्लगला हात लावून तो तापत नाही ना ते पाहिलं.

"कोनासाठी हाय हे?"

"माझ्यासाठीच."

"पोरीले माईत हाय?"

मी नकारार्थी मान हलवली.

"काहून?"

मी शालीची घडी सरळ करू लागलो. ते वायर गुंडाळत राहिले.

"मी तिकडं तीन महिने कोनाशी बोललो नाही, सायेब. त्याइची भाषा मले येत नव्हती, माही त्याइले येत नव्हती. मोटारीशी बोलो. घरी फोन लावला का म्हनो, सब ठीक. छाती भरून येई, तरी सब ठीक." मशीन परत शालीत ठेवून ते म्हणाले, "प्लग बसते. पन लाईट गेली त? घरात कोनाले तरी माईत पाहिजे ना."

"तिकडे लाईट जात नाही, रफिकभाई," मी म्हणालो.

यापुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या वेळी मशीन बाहेर काढावं लागलं, आणि गणवेशातल्या बाईंनी "कुणी सोबत आहे का?" असं विचारलं, तेव्हा मी उगाचच "पुढे आहेत" असं सांगितलं. विमानात शेजारची जागा रिकामी होती. खाली समुद्र होता असं म्हणतात. मला ढगच दिसले.

जोहान्सबर्गला मीनल, नितीन आणि इरा, तिघंही न्यायला आले होते. गेल्या भेटीपेक्षा मीनल बारीक झाली होती. तिनं वाकून नमस्कार केला, मी "सुखी राहा" म्हणालो, आणि इतक्या दिवसांनी भेटलेल्या बाप-लेकीत एवढंच झालं. इरा मात्र माझ्या चष्म्यावर झडप घालून मोकळी झाली.

विटबँकचं आभाळ मोठं आहे. आपल्याकडच्यासारखीच सपाट जमीन, पण पिवळ्या गवताऐवजी हिरवा मका, आणि क्षितिजावर वीजकेंद्रांचे जाडजूड मनोरे वाफ सोडत उभे. एवढी वीज जिथे तयार होते तिथे काळजी कसली, असं मनात आलं. खोलीत गेल्यावर बॅग उघडायच्या आधी मी पलंगामागे वाकून भिंत पाहिली. तीन मोठी गोल भोकं. दार लावून प्लग बसवला. बसला. गावापासून इतक्या लांब, परक्या भिंतीत घरचा प्लग असा सहज बसताना पाहून मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो. दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या वाचकांनी गिझरच्या प्लगवर विश्वास ठेवावा. फक्त पाय सैल नाहीत ना ते पाहून घ्यावं.

दिवस एका चाकोरीत गेले. मीनल आणि नितीन सातच्या आत घर सोडत. इराला सांभाळायला नोम्सा नावाच्या पन्नाशीच्या बाई येत. उंच, संथ चालीच्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. त्यांनी इराला न्हाणीघरात नेलं की मी खोलीचं दार लावी, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मशीनखाली दुहेरी टॉवेल घाली आणि धूर घेई. दुपारी नोम्साबाई मक्याच्या पिठाचा 'पाप' करत. घट्ट, पांढरा, मऊ. आपल्या ज्वारीच्या कण्यांचा भाऊच. पहिल्या दिवशी मी दोनदा मागून घेतला तेव्हा त्यांना हसू आलं. त्यांचं इंग्रजी आणि माझं सरकारी पत्रांतलं इंग्रजी, दोन्ही मिळून दिवसाला वीसेक वाक्यं होत. बाकी वेळ मी खिडकीशी बसून समोरच्या रस्त्यावरून न जाणारी माणसं पाही. तिथे पायी कुणी जातच नाही.

संध्याकाळी मीनल वह्या तपासत बसे. मी समोर बसे. कुमुदचा फोटो दिवाणखान्यात नव्हता. तो मीनलच्या कपाटात आतल्या बाजूला चिकटवलेला मी एकदा ओझरता पाहिला. आम्ही वाढदिवसाचा मेनू ठरवला, हवेबद्दल बोललो. वाढदिवस झाला. दहा-बारा मराठी-गुजराती कुटुंबं आली, केक कापला, शालूताईंची गोधडी सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली. जाताना एक बाई मीनलला म्हणाल्या, "आई असत्या तर किती आनंद झाला असता." मीनल "हो" म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

त्यानंतर चार दिवसांनी गोष्ट घडली.

सकाळचे साडेनऊ. आदल्या दिवशी शेजारी गवत कापलं होतं, त्याचा वास हवेत भरलेला. जिना उतरता उतरता छाती आवळल्यासारखी झाली. पंप ओढला, दोनदा, चारदा. उपयोग झाला नाही. परत खोलीत गेलो, औषधाची कुपी मशीनच्या पेल्यात ओतली, बटण दाबलं. मशीन घरघरलं. दोन श्वास घेतले असतील, आणि आवाज बंद झाला.

मी प्लग हलवला. काढून परत बसवला. दिव्याचं बटण दाबलं. काही नाही. तरीही बाहेर जाऊन कुणाला सांगावं असं मनात येईना, इतकी लपवायची सवय झालेली. लाईट येईल, मी स्वतःला सांगत होतो, बसून राहा, येईल. किती वेळ बसलो माहीत नाही. मग हातातला पेला खाली पडला आणि तो आवाज ऐकून नोम्साबाईंनी दार ढकललं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. कपाळावर हात मारून म्हणाल्या, "लोडशेडिंग!"

त्या अवस्थेतही मला तो शब्द ओळखीचा वाटून हसू आलं. हसण्यापुरती हवा नव्हती.

नोम्साबाईंनी वेळ घालवला नाही. इराला पाठीवर घेतलं, कमरेभोवती पांघरूण गुंडाळून घट्ट बांधलं, मशीन शालीसकट आणि औषधाचं पाकीट पिशवीत टाकलं, माझा दंड धरला आणि मला रस्त्यावर आणलं. दोन घरं पुढे, कोपऱ्यावर एक बेकरी होती. तिचा जनरेटर धडधडत होता. शंभर पावलं असतील. मी चार वेळा थांबलो. प्रत्येक वेळी त्या थांबल्या, आणि मोठ्यानं, सावकाश श्वास घेऊन दाखवला, लहान मुलाला शिकवतात तसा. पाठीवरची इरा मान काढून माझ्याकडे टकामका पाहत होती.

बेकरीवाल्यानं काही विचारलं नाही. पावांचे ट्रे सरकवून एक स्टूल दिलं. भिंतीत तीच तीन भोकं. मी गरम पावांच्या वासात, पाच-सहा अनोळखी गिऱ्हाइकांच्या समोर, मुखवटा लावून बसलो. रांगेतला एक म्हातारा टोपी काढून उभा राहिला. पंधराएक मिनिटांनी छाती सुटू लागली. तोवर नोम्साबाईंनी बेकरीच्या फोनवरून मीनलच्या शाळेत कळवलं होतं.

मीनल आली तेव्हा तिच्या बोटांना खडू होता. ती दारातच थांबली. मुखवटा, नळी, मशीन, मशीनखाली पसरलेली आईची शाल.

"कधीपासून?" ती म्हणाली.

मी मुखवटा काढला. "तीन वर्षं होतील."

"आईला माहीत होतं?"

"होतं."

"म्हणजे मलाच नाही." तिचा आवाज खाली होता, पण मराठी न कळणारे लोकही बाजूला झाले. "परत तेच, बाबा. परत तेच केलं तुम्ही. मी ऑगस्टमध्ये आली असती. पाचवा महिना होता मले, विमानात बसू देतात. दोन महिने राह्यली असती तिच्याजवळ. काहून नाही सांगितलं तुम्ही मले?"

मी तिकडे गेल्यापासून पहिल्यांदाच ती आमच्या घरची बोली बोलत होती.

नेहमीचं उत्तर ओठांवर आलं होतं. तुला त्रास नको म्हणून. पण ते खरं नव्हतं, आणि त्या स्टुलावर बसून ते म्हणण्याएवढी ताकदही नव्हती.

"तू आली असतीस तर कुमुद जाणार हे मला मान्य करावं लागलं असतं," मी म्हणालो. "तुला बोलावलं नाही तोवर ते खरं नव्हतं."

मीनल खाली बसली, मशीनची नळी सोडवली, वायर नीट गुंडाळली आणि त्या शालीचं टोक हातात धरून तशीच बसून राहिली. "तू एकटी नव्हतीस गं," असं काहीतरी मी म्हणणार होतो, पण ती एकटीच होती. तिकडे ती एकटी होती, इकडे मी, आणि मधली भिंत मीच घातली होती.

लगेच सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. त्या संध्याकाळी ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मला डॉक्टरकडे नेलं, तपासणीच्या खोलीत स्वतः आली आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी खरं देतो का ते पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी वह्या तपासता तपासता, मान वर न करता तिनं विचारलं, "जूनमध्ये डॉक्टर नेमकं काय म्हणाले होते?" मी सांगितलं. त्यानंतर रोज एक प्रश्न येई. आई जेवायची का. केस गेले होते का. माझ्याबद्दल काय म्हणायची. मी कापसाच्या ढिगासमोर बसायचो तसा बसे आणि जे होतं तेवढंच सांगे. काही उत्तरांनंतर ती उठून आत जाई. शेवटच्या दिवसाबद्दल तिनं विचारलं नाही आणि मीही आपणहून बोललो नाही.

निघताना नोम्साबाईंनी मला मक्याच्या पिठाची पिशवी दिली. विमानतळावर मीनलनं माझ्या खिशातला पंप काढून हलवून पाहिला, किती उरलाय ते. मग मिठी मारली. आमच्या घरात मिठ्या मारायची पद्धत नाही. हात कुठे ठेवायचे ते दोघांचंही चुकलं.

अमरावतीला पोहोचलो ती भर दुपार होती. कुलूप उघडलं तेव्हा महिनाभर कोंडलेली हवा बाहेर आली. खाटेवर धूळ, दिनदर्शिकेवर जुनाच महिना. परदेशातून परतलेल्या माणसाला लोक विचारतात, काय पाहिलं? मी एक बेकरी पाहिली, एक खिडकी पाहिली, आणि माझी मुलगी पाहिली. इतक्या लांब जाऊन माणूस बदलून येतो असं म्हणतात. मी तसा काही बदललो नाही. घर रिकामं होतं आणि रिकामंच राहणार होतं. दाराशी बॅग टेकवताना, कुणाला तरी हाक मारावी म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं.

टेबलावरचा तारेचा फोन वाजला.

"पोहोचलात?"

"पोहोचलो. बडनेऱ्याला स्टेशनच्या पुलावर दम लागला. दोनदा बसावं लागलं. बॅग हमालाकडे दिली."

असं उत्तर आम्हा दोघांनाही नवीन होतं.

"बाबा," ती म्हणाली, "आई कोणत्या खोलीत होती?"

"मागच्या. परसाकडच्या."

"तिथं जाऊन सांगा मले. शेवटच्या दिवसाचं."

मी रिसीव्हर कानाला तसाच धरून फोन उचलला आणि मागच्या खोलीकडे निघालो. वायर उंबऱ्यापर्यंतच पुरली. मी उंबऱ्यात बसलो, समोरच्या रिकाम्या पलंगाकडे पाहिलं, आणि सांगायला सुरुवात केली.